दवाखाना कोणाच्या नावावर

हम्मादमामू खमीस मुशैतहून येणार म्हटल्यावर परकारांच्या रियाधच्या घरात पलंगावरची चादर बदलली, न्हाणीघरातली गळकी तोटी दुरुस्त झाली आणि फरहानाच्या सासऱ्यांनी, मुस्तफांनी, आपणहून दाढीला मेंदी लावली. फरहाना परीक्षा पास झाली तेव्हा यातलं काहीही घडलं नव्हतं. तेव्हा तिच्या सासूबाईंनी, साबिरांनी, "बरं झालं गो, आता पगार वाढतील ना?" एवढं विचारलं होतं आणि पुन्हा फोडणीकडे लक्ष दिलं होतं.

मामू म्हणजे साबिरांचे धाकटे भाऊ. सौदीच्या दक्षिणेकडच्या खमीसला त्यांचं कापडाचं मोठं दुकान. ते येत होते पैसे द्यायला, निदान देण्याचा विचार करायला. देण्याचा विचार करणं मामूंना तरुणपणापासून छान जमायचं. धाकट्या भाच्याच्या, उमैरच्या लग्नात त्यांनी हॉलचा खर्च देण्याचा विचार केला होता, आणि गावच्या मशिदीच्या मिनाराचा विचार तर ते अजून करत होते.

पैसे हवे होते फरहानाला. फरहाना या घरची थोरली सून, आकिबची बायको. रियाधच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ती नर्स म्हणून लागली तेव्हा नूरैन कडेवर होती, आता नूरैन बारावीला होती. मधल्या वर्षांत रात्रीच्या ड्यूट्या करून आणि दिवसा अभ्यास करून फरहाना नर्स प्रॅक्टिशनर झाली. तपासायचं, औषध लिहायचं, जखम साफ करायची, कोणाला सर्जनकडे धाडायचं ते ठरवायचं, हे सगळं तीच करत होती. खाली सही मात्र एका डॉक्टरची व्हायची, आणि त्या डॉक्टरची नि पेशंटची गाठ बहुतेक वेळा फाइलवरच पडायची.

आता तिला स्वतःचं काम उघडायचं होतं. दोन खोल्या, साखर असलेल्यांच्या पायाच्या जखमा, आणि ज्यांना जिना उतरवत नाही त्यांच्या घरी जाऊन तपासणी. भागीदार उमामा, तिच्याच वॉर्डातली सौदी नर्स. परवान्याचं आणि कायद्याचं सगळं उमामाने वकील गाठून बघून घेतलं होतं, कागदावर दोघींची नावं बरोबरीने लागणार होती. उमामाचा वाटा तयार होता, फरहानाचा नव्हता. रविवारपर्यंत तो उभा राहिला नाही तर एक डॉक्टरांची कंपनी पैसे घालायला टपून बसलेली होती. मग फरहानाला त्याच दोन खोल्यांत नोकरी मिळणार होती, अगदी मानाने.

इतकी वर्षं कमावून तिच्याकडे पैसे कसे नाहीत, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडेल. परकारांना पडत नसे. त्यांच्या घरात एक रीतच होती की ज्याने मिळवलं त्याच्या नावावर काही असायचं नाही. मुस्तफांचं रियाधच्या बत्हा बाजारातलं घड्याळांचं दुकान कफीलच्या, म्हणजे सौदी जामीनदाराच्या, नावावर होतं. आकिब चालवत होता ती गाडी उमैरच्या नावावर होती, कारण घेताना आकिबच्या इकाम्यात, राहण्याच्या परवान्यात, काहीतरी अडकलं होतं. उमैरच्या घरचं इंटरनेट आकिबच्या नावावर होतं, त्यामुळे भावाभावांचं वाजलं की एकजण गाडीची आठवण काढायचा आणि दुसरा इंटरनेटची.

आणि फरहानाच्या पगारातून उभं राहिलेलं दाभोळचं घर हम्मादमामूंच्या नावावर होतं. त्याला कारण होतं. जमीन शेतीची, ती घ्यायला शेतकऱ्याचा दाखला लागतो, आणि परकारांची शेती आकिबच्या आजोबांनीच विकून संपवलेली. मामूंचा सातबारा शाबूत होता. "नाव काय, माझं काय नि तुमचं काय," असं मामू तेव्हा म्हणाले होते. ते सगळ्यांना फार मोठ्या मनाचं वाटलं होतं.

*

मामूंनी येताना असीरच्या डोंगरातला मध आणला. घरात मुस्तफांना साखर, साबिरांना साखर, खुद्द मामूंना साखर, तेव्हा मध सगळ्यांनी कौतुकाने चाखला.

जुम्म्याची नमाज आटोपून पुरुष परतले तेव्हा फरहाना पुलावाला दम देऊन बाहेर आली. प्रेझेंटेशन जेवणाआधी करायचं असं नूरैनने ठरवलं होतं, कारण जेवणानंतर घरातले गुंतवणूकदार झोपतात, असं तिचं म्हणणं. तिने लॅपटॉप टीव्हीला जोडला. पडद्यावर आई आणि उमामा यांची नावं आली.

"थांब गो जरा," साबिरा म्हणाल्या. "तेवढ्यात माझा बीपी बघ. सकाळपासून डोकं जड हाय."

फरहानाने बीपी बघितला. मग मुस्तफा म्हणाले, बघतेच आहेस तर माझाही बघ. उमैरने आपला कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट फोनवर काढून, सहज दाखवतोय असं दाखवत, तिच्यापुढे धरला. "भाबी, हे लाल रंगात आलंय ते काही विशेष नाही ना?" फरहानाने त्याला त्याच्या गोळीबद्दल विचारलं. गोळी त्याने आपल्या मनानेच बंद केली होती, कारण ऑफिसमधल्या कोणीतरी लसूण खायला सांगितलं होतं.

शेवटी मामूंनी मोजा काढला. उजव्या अंगठ्याखालची जखम. एका दवाखान्यात ती कित्येक महिने मलमांवर पोसली गेली होती. फरहानाने व्हिडिओवर बघून त्यांची चप्पल बदलायला लावली, ड्रेसिंग बदलायला लावलं, तेव्हापासून ती भरत आली होती. आताही ती खाली बसली, हातमोजे चढवले आणि त्यांचा पाय मांडीवरच्या टॉवेलवर घेतला.

"हां, आता बोल," पाय आरामात पसरून मामू म्हणाले. "काय उघडायचं म्हणतेस? पण मला आधी एक सांग. डॉक्टर नाय तिथे माणसं येतील कशाला? नर्सकडे कोण जाणार गो?"

"तुम्ही आलात की, मामू."

"मी घरचा माणूस."

"घरचा पेशंट," नूरैन लॅपटॉपमागून म्हणाली. "फ्री वाला."

"नूरैन," आकिबने दटावलं. आकिबचं त्या दुपारचं ते पहिलं बोलणं.

नूरैनने स्लाइड पुढे सरकवली. घरी पडून असलेली म्हातारी माणसं, हॉस्पिटलच्या लांब अपॉइंटमेंटा, पाय कापायची पाळी येण्याआधी काय करता येतं, असं एकेक येत गेलं. फरहाना जखमेवरून नजर न हलवता समजावून सांगत होती. ती चांगलं सांगत होती. ऐकणारे मात्र पुलावाच्या वासाकडे बघत होते.

*

उमैर एका फायनान्स कंपनीत रिस्क विभागात होता. धोका शोधायचा त्याला पगार मिळे, आणि तो घरीही फुकट शोधून द्यायचा. भाबीचं काम त्याला मनातून पटलं होतं, ही अडचण होती. पटलेल्या गोष्टीला लगेच हो म्हटलं तर आपल्या शिक्षणाचा उपयोग काय, असं त्याला वाटे. म्हणून त्याने स्वतःची एक्सेल शीट आणली होती.

"भाबी, वाईट वाटून घेऊ नका. मी फक्त वर्स्ट केस काढली आहे." त्याने टीव्हीवर आपली शीट लावली. तिच्यात सगळीकडे लाल होतं. "भाडं, लायसन्स, इन्शुरन्स, सॅलरी. पहिलं वर्ष पूर्ण लॉस."

"चाचू," नूरैन पडद्याजवळ जाऊन म्हणाली, "इसमें पेशंट का कॉलम ही नहीं है."

उमैरने बघितलं. खरंच नव्हता. "वर्स्ट केसमध्ये पेशंट नसतातच," तो म्हणाला, पण त्याचे कान लाल झाले.

मामू मात्र खूश झाले. उमैरची शीट त्यांना कळली नव्हती, तिचा रंग आवडला होता. "बघ. पोरगा शिकलेला हाय. म्हणून माझा विचार असा हाय की पैसे मी घालतो."

साबिरांनी पदर सावरून नवऱ्याकडे बघितलं. बघा माझा भाऊ, असं ते बघणं होतं. मुस्तफांनी मान डोलावली.

"पण दवाखाना उमैरच्या नावावर. त्या सौदी बाईबरोबर कागद करायचे तर पुरुषमाणूस पाहिजे, उद्या कचेऱ्यांत कोण फिरणार? आणि वर एक डॉक्टर बसवायचा. माझ्या ओळखीचे एक हाफिज डॉक्टर हायत, रिटायर झालेत. त्यांना दिसत नाय नीट, पण खुर्चीत शोभतील. फरहाना काम करील. पगार घेईल. बाहेर पाच पैसे जास्त मिळत असतील तर आपण पण तेवढेच देऊ."

आपल्याच दवाखान्यात आपल्याला बाहेरच्या दराने पगार मिळणार, हे ऐकून फरहानाने चिमटा खाली ठेवला. तिला रडू आलं नाही, तिला राग आला. नाइट ड्यूटी संपवून बसमध्ये उभ्याने पाठ केलेली औषधांची नावं तिच्या डोक्यात एकदम गर्दी करून आली. तिने आकिबकडे बघितलं.

आकिब वाईट माणूस नव्हता. तो बांधकामाच्या कंपनीत माल खरेदी करायचा आणि दिवसभर दुसऱ्यांच्या भांडणात मधे उभा राहायचा. घरी आल्यावर कुठे उभं राहायचं म्हटलं की त्याच्या पायातलं त्राण जायचं. बायकोचं म्हणणं खरं आहे हे त्याला माहीत होतं. मामूंनी त्याच्या बेकारीच्या दिवसांत खमीसहून तांदळाची पोती पाठवली होती, हेही माहीत होतं. दोन्ही माहीत असल्यावर तो नेहमी तेच बोलायचा.

"जरा थांबू या," आकिब म्हणाला. "सगळे जेवू या आधी."

उमैर अजून टीव्हीसमोर उभा होता. मॅनेजिंग डायरेक्टर, उमैर मुस्तफा परकार. हे त्याने मनात एकदा म्हणून बघितलं होतं. कानाला वाईट नव्हतं लागत. तो भाबीच्या नजरेला नजर न देता म्हणाला, "स्ट्रक्चर म्हणून मामूंचं चुकीचं नाहीये. नाव काय, शेवटी फॉर्मॅलिटी असते."

*

फरहानाने जखमेवर जाळी ठेवली, पट्टी गुंडाळायला घेतली. पट्टी घट्टही नको आणि सैलही नको. रागातसुद्धा तिचा हात बिघडला नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

"मामू, तुमचे पैसे नकोत मला," ती म्हणाली.

"अगो, मग बोलावलास कशाला?"

"दाभोळचं घर विकू या. त्यातला माझा वाटा मला पुरेल. उरलेल्यात अब्बा-अम्मींना गावातच एखादं लहान घर होईल, त्यांनाही एवढं मोठं झाडत बसावं लागणार नाही."

असं काही या घरात कोणी कधी बोललं नव्हतं. दाभोळचं घर कोणाच्या पैशाचं हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ते बोलायची गरज पडत नसे. साबिरांनी ताट मांडायला घेतलेला हात मागे घेतला. त्यांना पहिला धक्का बसला तो आपल्या घराचा. त्या घराच्या पडवीत बसून खाडीकडे बघत म्हातारपण काढायचं त्यांनी नवऱ्याला किती वर्षं ऐकवलं होतं. आणि ही पोर ते विकायला निघाली, भात उपसण्याच्या सहजतेने.

"घर विकायचा विचार मी केलेला नाय," मामू म्हणाले.

"तुम्ही कशाला करायला पाहिजे, मामू?" फरहानाने विचारलं. तिने ते टोमण्याने विचारलं नव्हतं, खरंच विचारलं होतं.

"माझा धाकटा राहतो तिथे."

"राखायला ठेवलाय म्हणाला होतात."

"राखता राखता राहिला. पोराला तिथल्या शाळेत घातलंय. सुनेने पडदे लावलेत, स्वयंपाकघरात टाइल्स बसवल्यात. आता त्यांना कुठे काढू मी?"

"टाइल्स बसवल्या?" साबिरांनी विचारलं. "माझ्या स्वयंपाकघरात? मला फोटो नाय पाठवलास तो."

मुस्तफांनी हसून सगळं हलकं करायचा प्रयत्न केला. भांडण मिटवायची त्यांना हौस होती. "असू दे, असू दे. टाइल्स चांगल्याच की. घर आपलंच हाय, हम्माद. बसून बोलू."

"आपलंच हाय, भाईजी," मामू म्हणाले. ते शांतपणे म्हणाले, आणि पाय टॉवेलवरून उचलून मोजा चढवू लागले. "मी कुठे नाय म्हणतो? पण माझ्या नावावर हाय."

*

मुस्तफांनी हे वाक्य आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं ते अरबीत, बत्ह्यात, आपल्याच घड्याळांच्या कपाटासमोर उभं राहून. कफील शिवीगाळ करत आला नव्हता. त्याने आधी चहा मागवला, मुलांची चौकशी केली, मग म्हणाला, मुस्तफा, दुकान माझ्या नावावर आहे, खलास. आणि मग त्याने मोठ्या मनाने मुस्तफांना त्याच दुकानात विक्रेता म्हणून ठेवून घेतलं. आपण निवडून आणलेली घड्याळं आपणच पुसून, दुसऱ्याच्या गल्ल्यात पैसे टाकत ते तिथे वर्षानुवर्षं उभे राहिले. घरी त्यांनी सांगितलं की धंद्याची दगदग नको म्हणून दुकान सोडलं. सगळ्यांनी मानलं, कारण न मानण्यात कोणाचाच फायदा नव्हता.

आता तेच वाक्य त्यांच्या स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या मेहुण्याच्या तोंडून आलं होतं. मेंदी लावलेली दाढी कुरवाळायचं त्यांचं थांबलं. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त, सुनेसाठी भीती वाटली. आपलं आयुष्य तिला दिलं जात होतं आणि आपण त्यावर मान डोलावत होतो.

"फरहाना," ते म्हणाले, "त्या कंपनीची नोकरी धरू नको."

"अब्बा?"

"आपल्याच दुकानात नोकरी करू नये. मी केली." त्यांचा आवाज फार मोठा नव्हता. "दगदग नको म्हणून मी दुकान सोडलं नव्हतं. त्या माणसाने काढून घेतलं आणि मला गल्ल्याच्या अलीकडे उभा केला. गिऱ्हाईक यायचे, म्हणायचे मुस्तफाचं दुकान. मी हो म्हणायचो. महिन्याला पगार घ्यायला गेलो की तो मला उठून सलाम करायचा, इतका चांगला माणूस."

आकिब आणि उमैर एकमेकांकडे बघत राहिले. बापाने दुकान सोडलं या गोष्टीवर दोघांनी आपापली शहाणपणाची मतं बनवलेली होती. अब्बांना धंदा जमला नाही, हे त्यातलं सौम्य मत. उमैरने टीव्ही बंद केला.

मामूंनी बहिणीकडे बघितलं. ही एक जागा त्यांना खात्रीची होती. लहानपणी मामूंनी आंबे चोरले तरी मार दुसऱ्या पोरांना पडायचा, कारण साबिरा साक्ष द्यायच्या. "आपा, तू समजाव यांना. मी काय पळून चाललोय घर घेऊन? घरातली गोष्ट हाय, उगाच कोर्टासारखी चालवलीय."

साबिरांनी नवऱ्याकडे बघितलं. भावाच्या बाजूने बोलणं हा त्यांचा हातखंडा, आणि सुनेला चार शब्द सुनावणं हा त्यांचा विरंगुळा. दोन्ही एकाच वाक्यात करता येतील अशी संधी त्यांनी आजवर कधी सोडली नव्हती. पण नवऱ्याच्या तोंडून आत्ता जे आलं ते त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं होतं. इतकी वर्षं त्या त्यांना आळशी म्हणत आल्या होत्या.

"हम्माद," त्या म्हणाल्या, "जमिनीचे पैसे तुला कोणी दिले?"

"आता ते कशाला, आपा?"

"मी विचारते ना."

"आकिबने पाठवले."

"आकिबला त्या साली नोकरी नव्हती. तू तांदूळ पाठवत होतास त्याला." साबिरा उठून भावासमोर येऊन बसल्या. "मी तेव्हा इकडे आलेली. बत्ह्यात पैसे पाठवायच्या एक्सचेंजच्या रांगेत ही उभी, रात्रपाळी करून आलेली, डोळे मिटत होते हिचे उभ्या उभ्या. मी बाजूला बसून सगळ्यांना सांगत होते, माझा मुलगा घर बांधतो. हिने मला एकदाही दुरुस्त नाय केलं. तू पैसे मिळाले म्हणून फोन केलास, तो पण मीच घेतला. म्हणालास, आपा, घर तुमचं, मी फक्त नावाला."

"म्हणालो असेन."

"म्हणालास. मी ऐकलंय."

मामूंनी चपलेत पाय सरकवला. त्यांचा चेहरा पडला होता, पण ते खोटं बोलत नव्हते आणि कबूलही होत नव्हते. त्यांचेही धंद्याचे दिवस वाईट होते, धाकटा पोरगा खमीसला टिकला नव्हता, आणि दाभोळचं घर एवढं एकच त्याला देण्यासारखं होतं. हे बोलून दाखवलं असतं तर कदाचित कोणीतरी पाघळलं असतं. पण मामूंना आयुष्यात मागायची सवय नव्हती, फक्त देण्याचा विचार करायची होती.

"माझं विमान संध्याकाळचं हाय," ते म्हणाले. "उमैर, सोडतोस का?"

"मामू, पाण्यात पाय घालू नका," फरहाना म्हणाली. "आणि परवा पट्टी बदलून घ्या. जखम अजून कच्ची आहे."

मामूंनी मान हलवली आणि पुलाव न खाता गेले. मामू न जेवता उठले असं खानदानात कधी घडलं नव्हतं.

*

पुलाव दमावर जास्त राहून खाली लागला होता. सगळ्यांनी तो मुकाट्याने खाल्ला आणि कोणी नाव ठेवलं नाही.

"कोर्टात काही होणार नाही," आकिब ताटाकडे बघत म्हणाला. "कागद त्यांचाच आहे." मग त्याने मान वर केली आणि फरहानाला म्हणाला, "मघाशी मी बोलायला हवं होतं."

"हो," फरहाना म्हणाली. "बोलायला हवं होतं तुम्ही."

तिने त्याला सूट दिली नाही. दिली असती तर तो हायसं वाटून पुन्हा पुलावाकडे वळला असता.

"कोर्टात कोण जातो?" मुस्तफा म्हणाले. "मी गावी जाऊन जमातीच्या पंचांपुढे बसतो. जमात बोलली की हम्माद ऐकेल. उद्या त्याला तिथेच सोयरिकी करायच्या हायत, तिथेच कबरीत जायचं हाय."

"तुम्हाला कोण विचारतो?" साबिरा म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल, असू दे, असू दे. मी येणार."

"बायका जमातीत बोलत नाय."

"आजपर्यंत नाय बोलल्या. मी बोलेन. माझ्याच भावाने माझ्यापुढे सांगितलेलं माझ्याशिवाय कोण सांगणार? भिंतीआडून सांगा म्हणाले तर भिंतीआडून सांगेन. माझा आवाज जातो भिंतीतून, तुम्हाला माहीत हाय."

हे खरं होतं. शेजारच्या फ्लॅटमधल्या केरळी कुटुंबालाही माहीत होतं.

"अम्मी, तुमचे भाऊ आहेत ते," फरहाना म्हणाली. "ते तुमच्याशी पुन्हा बोलणार नाहीत."

"नाय बोलणार," साबिरा म्हणाल्या. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. "मला माहीत हाय ते. तू आपलं जेव."

मुस्तफा-साबिरांचा व्हिजिट व्हिसा यावेळी वाढवायचा नाही, दोघांनी गावी जायचं, असं ठरलं. उमैर विमानतळावरून परत आला आणि बसायच्या आधीच म्हणाला की तिकिटं तो काढतो. मग त्याने लॅपटॉप उघडला आणि नूरैनला विचारलं, "पेशंटचा कॉलम कुठे टाकू?" नूरैनने लॅपटॉपच आपल्याकडे ओढून घेतला.

फरहानाने बाल्कनीत जाऊन उमामाला फोन केला. जे होतं ते सांगितलं. पैसे रविवारी नाहीत. गावच्या लोकांनी न्याय केला तर येतील, नाही केला तर येणारही नाहीत. मग उमामा म्हणाली की कंपनीचा माणूस रविवारी येतोय, त्याला अरबी कॉफी, गहवा, पाजून परत पाठवते. रमजानपर्यंत थांबेन, त्यापुढे मला थांबता येणार नाही, माझेही भाऊ आहेत.

फोन ठेवून ती आत आली तेव्हा साबिरा पलंगावर पाय चोळत बसल्या होत्या. घरातले बाकीचे आपापल्या कोपऱ्यात गेले होते. फरहाना नेहमीच्या सवयीने त्यांच्या पायाशी बसली, टाचेवर बोट दाबून बघू लागली.

"काय म्हणाली ती?"

"रमजानपर्यंत थांबते म्हणाली."

"मग पाटी काढून ठेव रंगवून."

"अजून पैसे कुठे आहेत, अम्मी?"

"पाटीला काय लागतं? आणि ऐक. पाटीवर नुसतं फरहाना लिही. परकार लिहू नको," साबिरा म्हणाल्या. "आडनाव बघितलं की हे सगळे दवाखाना आपलाच म्हणून आत येऊन बसतील. मी धरून."